डायवरच्या मागचा बाक

जिंतूरहून परभणीला निघालेल्या एसटीत, डायवरच्या मागच्याच बाकावर दोन म्हाताऱ्या जावा बसल्या होत्या. थोरलीनं समोरचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. त्यांच्या मागं बसलेल्या सत्यशीलाबाईंना सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, मोतीबिंदू दाखवायला जायलोत, फाशीला न्हाई. दांडा सोडा की."

"वळण आलं की म्होरं पडते की काय वाटतं गं."

"तरी म्हणले, मागं बसू. आता डोळे तरी मिटून घ्या."

"जल्मात पयल्यांदा सूर्यभानच्या गाडीत बसले. माझा ल्योक एसटी हाकायलाय, अन् मी डोळे मिटू?"

"पर तुमाला त्यो दिसतोय तरी का?"

"तोंड न्हाई दिसत." थोरलीनं एक हात दांड्यावरून काढून पदर नीट केला. "खाकी दिसती."