बाबानं पास केलेली रेकॉर्ड

का सांगू यार, त्या गाण्याच्या महागड्या रेकॉर्डीनं आमचा जीव खाल्ला. बाबासाठी मागवली होती. बाबाची जिंदगी भिलाईच्या प्लांटात, कान फाटणाऱ्या आवाजात, रूळ तपासण्यात गेली. रेकॉर्ड हाती येताच त्यायनं ती रुळासारखी डोळ्यापुढं आडवी धरली, एक डोळा मिटला. "वाकडी हाये. वापस कर."

दुसरीबी वाकडी. तिसरीचं भोकच मधात नव्हतं. कंपनीशी भांडता भांडता वर्ष गेलं.

काल आलेली मात्र बाबानं पास केली. मी लावली. खरखर नाही, काही नाही, एकदम साफ आवाज! बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. गाणं अर्धं झालं तेव्हा म्हणाले, "लाव ना रे आता. कावून थांबून राहिला?"