नकाशा घरीच राहिला

अर्नो बेटावर जाणाऱ्या बोटीत लिजोनबाई केवड्याच्या पानांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. समोरचे आजोबा नातीवर उखडले होते.

"दोन आठवडे शाळेत माडाच्या काड्या बांधल्यास, बेटं म्हणून शिंपले लावलेस आणि आजीला दाखवायचा नकाशा घरीच?"

"मुद्दाम ठेवला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, जुने नावाडी नकाशा किनाऱ्यावरच ठेवत. सोबत घेतला म्हणजे पाठ झाला नाही."

"मग आजीला काय दाखवणार, कपाळ?"

"आजीला होडीत निजवून शिकवणार! वाकडी काडी म्हणजे बेटापाशी वळणारी लाट. ती पाठीला कळते. बाईंनी आम्हाला डोळे बांधून पाण्यावरच्या टबात निजवलं, बाकीच्यांनी हलवलं. लाट कुठून आली ते ओळखायचं."

"ओळखलीस?"

"चारपैकी तीन. चौथ्या वेळी ओकले."

"शाबास! आणि मी चाळीस वर्षं बोट चालवली, ती काय—"

"उघड्या डोळ्यांनी चालवलीत. आता आडवे व्हा."

"एवढ्या लोकांत?"

"टोपी धरते मी तुमची."

"बरं, बरं... ही मोठी, पूर्वेची."

"बरोबर!"

"थांब, सांगू नकोस. ही बारकी, उलटी येणारी... ही कुठली गं? इतक्या वर्षांत कधी कळलीच नाही."

"बेटावर आपटून परत निघालेली."

"म्हणजे अर्नो तिकडे!"

"डोळे उघडून बघा की."

"गप बस. अजून एक येऊ दे."

लिजोनबाईने इकडेतिकडे पाहिलं, गाठोडं उशाला घेतलं आणि डोळे मिटले.