देशाबाहेर जाता कामा नये

देशाची सुरक्षा म्हाताऱ्यांच्या हातात असली की काय होतं, ते ऐका. मी कॉलेज सोडून मुरुडच्या होड्यांसाठी ॲप बनवलं. मासळी कुठे लागली, ते आपल्याच होड्यांना कळतं. परक्याला मेसेज वाचताच येत नाही. कुवेतच्या एका बोटवाल्याने ते मागितलं. माझं पहिलं परदेशी गिऱ्हाईक!

परवानगीसाठी सरकारी ऑफिसात गेलो, तर साहेब डोळे वटारून म्हणाले, "यात एन्क्रिप्शन आहे. परवानगीशिवाय हा कोड देशाबाहेर गेला तर तुरुंगात जाशील. आधी मला मेल कर, तपासतो."

गिऱ्हाईक कंटाळायला लागलं, तेव्हा पुन्हा गेलो. "साहेब, तपासलात?"

"अरे, मला यातलं काय कळतंय? मुलाला पाठवलाय, तो बघून सांगेल."

"मुलगा कुठे असतो?"

"अमेरिकेत. तुझ्यासारखं कॉलेज नाही सोडलं त्याने!"