सलमाचा अंगठा

माझं माहेर दौंडाकडचं राहू, आन् सासर हे केंदूर. अब्बा खाटा विणायचे. दोरीला पीळ पडला की अंगठ्यानं वढून सरळ करायचे, तीच सवय माझ्या हाताला. काय सांगू ताई, त्याच हातामुळं मी कंपनीत टिकले. तिथं कनेक्टर बनवत्यात, बारीक तारा जोडायच्या. माझी तार इंचरलेल्या केसागत सरळ, सुपरवायझर समद्या बायांना दाखवायचा, बघा, मावशीसारखं काम पायजे. मग समद्या तसंच करायला लागल्या. डोळं अधू झालं तवा माझ्या जागंवर मी सुनंला बसवलं, सलमाला, माझीच पद्धत शिकवून. माझा लेक अपघातापासून अंथरुणाला हाय, घर तिच्याच हातावर.

आता नवा माल आलाय, लई वेगानं सिग्नल नेणारा. त्यात दोन-दोन तारा एकमेकीला पिळलेल्या असत्यात. बायांनी सवयीनं पीळ उलगडला, तारा सरळ केल्या, मग पिनंत बसवल्या. लॉटच्या लॉट टेस्टिंगला पडला, नापास. सलमा घरी येऊन सांगती, अम्मी, इंजिनिअर मॅडम म्हणल्या, मधी भिंत नसली की ह्या घरातलं बोलणं त्या घरात जातं, तसं तारांचं व्हतंय, त्याला क्रॉसटॉक म्हणत्यात. पीळ पार पिनंपातुर ठेवा, म्हंजी ज्याचं बोलणं त्याच्यापाशी ऱ्हातं. घ्या! म्हंजी ज्याची शाबासकी मिळाली तेच खराब.

सोमवारी परत टेस्ट. जिचा पीस पडंल तिनं घरी बसायचं. मॅडमनी सरावाला तारंचे तुकडे दिल्यात. सलमाला समदं समजतंय वो, पर अंगठा ऐकंना. जरा ध्यान हाललं की खाली सरकतो आन् पीळ सुटतो. काल रडली, म्हणली, अम्मी, तुमच्या अंगठ्यानं घात केला बघा. मी म्हणलं, मग माझा कापून दे त्यांना. आतनं लेक वरडला, मला पाठवा कंपनीत, मला तर कसलीच सवय न्हाई. हसलो तिघं.

शेवटी तिच्या अंगठ्याला मी जाड चिंधी बांधली. तर चिंधीसकट सरकला.

आज जुम्मा. लोक दुआ मागत्यात, हाताला हुन्नर दे. मी मागितलं, या अल्ला, माझ्या सुनंच्या हाताला येवढं एक इसरू दे. ती बघा, ओट्यावर बसलीया, मान खाली घालून. तिला हाक मारू नका ताई. आत्ता पीळ ऱ्हायलाय.