संशय कुणावर?

आदरणीय अध्यक्ष विजयसिंह इंगळे साहेब, व्यासपीठावरील प्राचार्या संयोगिता माने मॅडम, आज जिला आपण निरोप देतोय ती अ‍ॅडव्होकेट निशा कांबळे, तिच्यासाठी कुरुंदवाडहून आलेले तिचे वडील भाऊसो, वकील मंडळी आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी केरबा चौगुले, निवृत्त फौजदार. माझी सगळी नोकरी संशय घेण्यात गेली. तेव्हा कौतुकाचं बोलायला तुम्ही जरा चुकीचाच माणूस उभा केलाय. मघाशी एका संयोजकानं हळूच सांगितलं, साहेब, कुठल्या देशाचं नाव तेवढं घेऊ नका. का बरं? खटला सातासमुद्रापार, सभा कोल्हापुरात. मग भीती कुणाची? असो. संयोजकांचा मान राखतो, नाव घेत नाही.

एका देशानं शेजारच्या देशावर लादलेलं ते युद्ध ज्यांनी सुरू केलं, त्या नेत्यांवर फौजदारी खटला चालवायला परदेशात एक विशेष न्यायालय उभं राहिलंय. निशा तिथं कामाला निघालीय. तिच्या हुशारीबद्दल बाकीचे बोलतीलच. ती माझ्यासमोर पहिल्यांदा कशी आली, एवढंच मी सांगतो.

तेव्हा मी चंदगडकडच्या एका ठाण्यात होतो. आमच्या हद्दीतल्या वाडीवरचा सयाजी मालवाहू जहाजावर फिटर होता. जहाज तांदूळ उतरवायला एका बंदरात लागलेलं. हल्ल्याच्या आदल्या दिवशी त्यानं आईला, धोंडुबाईंना, फोन केला. शेजारच्या देशाचा प्रमुख टीव्हीवर सांगतोय की सरहद्दीवर नुसता सराव चाललाय, हल्ला करणार नाही, तेव्हा तू काळजी करू नको, असं तो म्हणाला. पहाटे क्षेपणास्त्र येऊन पडलं. सयाजी गेला. पुढं शवपेटी आली, आणि तिच्यामागोमाग त्या देशाचा निरोप आला. आमचा नेम गोदामावर होता, चुकून जहाजाला लागला, दुर्दैवी अपघात.

धोंडुबाई ठाण्यात आल्या, सोबत ही निशा. काळा कोट भिजलेला, चपला हातात. मुसळधार पावसात एसटी बदलत आलेल्या. मी आधी वकीलबाईंकडंच बघितलं. कुरुंदवाडची वकील इतक्या लांब, ओळख ना पाळख, कशाला येईल? पेपरात फोटो हवा असणार. नाहीतर मागं कुणी पुढारी असणार. पुढं मी कुरुंदवाडात गुपचूप चौकशी केली. काही सापडलं नाही. खरं सांगू? काहीच सापडत नाही याचाही मला संशय आला.

रीतीप्रमाणं मी विचारलं, "मावशी, तुमचा संशय कुणावर हाय?"

त्यांनी त्या देशाच्या प्रमुखाचं नाव सांगितलं. लिहिणारा हवालदार थांबला. मी समजावलं, मावशी, हे आमच्या हद्दीत बसत नाही. आणि ते तर म्हणतायत, नेम चुकला.

"नेम चुकला म्हणत्यात," त्या म्हणाल्या, "पण सायेब, नेम धरलाच कशाला त्यानं?"

मंडळी, मोठमोठे कायदेपंडित जे सांगतात ते यापेक्षा काय वेगळं आहे? लढताना कायदा मोडला का, हा एक प्रश्न. पण कुणी अंगावर आलेलं नसताना लढाई काढणं, हाच मुळात गुन्हा नाही का? गोदामावर बरोबर बसलं असतं, तर तिथला हमाल मेला असता. त्यालाही आई असेलच की.

गुन्हा मला नोंदवता आला नाही. अर्ज मात्र शब्द न बदलता घेतला आणि पोच दिली. तिथून निशा तो प्रश्न घेऊन दिल्लीपर्यंत गेली, परत आली, परदेशात पत्रं लिहीत राहिली. सगळीकडून एकच उत्तर, खुर्चीवर बसलेल्या प्रमुखाला हात लावता येत नाही. मग काही देशांनी मिळून हे न्यायालय काढलं. धोंडुबाईंचा जबाब इथंच, माने मॅडमच्या कॉलेजात, व्हिडिओच्या पडद्यासमोर बसवून घेतला. धोंडुबाईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. दुभाष्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

आणि त्यांचा संशय खरा ठरला. दुभाषा बिचारा भला माणूस, पण त्याच्या इंग्रजीत 'अ‍ॅक्सिडेंट' शब्द आला. एवढ्या वर्षांत बाईंना तो शब्द पाठ झालेला. त्यांनी हात वर केला. "मी अपघात म्हटलं न्हाय. पयल्यापासनं सांगा." पडद्यापलीकडचे न्यायालयाचे साहेब घड्याळाकडं बघायला लागले. निशानं त्यांना शांतपणे सांगितलं, सगळा जबाब पुन्हा वाचला जाईल, त्याशिवाय सही होणार नाही. पुन्हा वाचला गेला. त्या दिवशी निशावरचा माझा संशय गेला.

न्यायालयावरचा गेलेला नाही. हरलेल्याला पिंजऱ्यात उभं करणं सोपं आहे. उद्या ज्यांच्या पैशावर हे न्यायालय चाललंय, त्यांच्यापैकीच कुणी लढाई काढली तर? समन्स कोण नेऊन देणार? मी निशाला हे तोंडावर विचारलं. ती वाद घालेल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "काका, मलाही तोच संशय आहे. म्हणून तर आत जाऊन बसते. एखादं नाव गाळा म्हणाले, तर परत येऊन याच हॉलमध्ये सांगेन."

आम्ही ऐकायला येऊ, पोरी.

धोंडुबाई इथं तिसऱ्या रांगेत बसल्यात. व्यासपीठावर या म्हटलं तर नको म्हणाल्या. ज्याचं नाव त्यांनी सांगितलं, तो अजून खुर्चीवर आहे, आणि अजून त्याच्यासाठी गालिचे अंथरले जातायत. आज सकाळी मी त्यांना विचारलं, मावशी, त्याला शिक्षा होईल असं वाटतं?

"न्हाय वाटत," त्या म्हणाल्या. "पण पेटी आली तवा विमानतळावर माझ्या सयाजीचं नाव पुकारलं, तवा मी उठून हुबा ऱ्हायलो. आता त्याचं नाव कोर्टात पुकारू दे. आला तर आला. न्हाय आला, तर कुणाला भिऊन लपलाय ते तरी जगाला दिसंल."

निशा, एवढं पुकारून ये.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी वेळ दिला, आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर या जुन्या पोलिसाला पदरात घ्या. नमस्कार.