खिळ्यावरचा मग

सन्माननीय अध्यक्षा डोरीन पॅक, व्यासपीठावरचे आपले आमदार महोदय, पाळकसाहेब, ज्याच्यासाठी आज आपण जमलो तो हट्टी म्हातारा सार्जंट मेजर एमेट स्टीगर, आणि माजी सैनिकांच्या या सभागृहात उरलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

'उरलेल्या' म्हणालो, राग मानू नका. रिकाम्या खुर्च्या तुम्हालाही दिसताहेत.

मी नौदलात आचारी होतो, भाषण हे माझं काम नव्हे. पण एमेटला निरोप कोण देणार म्हटल्यावर सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले, म्हणून मी उठलो.

समोरची भिंत बघा. ज्याच्या त्याच्या नावाचा खिळा, त्यावर त्याचा कॉफीचा मग. जुनी रीत अशी, की गाव सोडणारा आपला मग घेऊन जातो. ती रीत एमेटने मोडली. नदीपलीकडच्या राज्यात लष्कराच्या पेन्शनवर राज्याचा आयकर नव्हता, आपल्याकडे होता. एकेकाने बिऱ्हाड हलवलं. जन्मभर हुकूम होईल तिथे राहिलेली माणसं म्हातारपणी परवडेल तिथे गेली. त्यांना नावं कोण ठेवणार? एमेटने ठेवली! त्याचा जिवलग दोस्त क्लीट बूमगार्ड निघाला, तेव्हा हा दारात आडवा उभा राहिला.

"जा, पळपुट्या! पण तुझा मग इथेच राहील. कर माफ झाला की गुमान परत यायचं."

"अरे, तुझा कायदा होईपर्यंत मी जगतोय होय?" क्लीट म्हणाला. तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो.

त्यानंतर दर हिवाळ्यात एमेट पदकं लावून राजधानीला जायचा. आमदारसाहेब, तुम्हाला आठवत असेल. तुमच्या समितीत कुणीतरी विचारलं, "या करापायी माणसं जातात, याला पुरावा काय?" पुढच्या खेपेला हा गृहस्थ खोकंभर मग घेऊन गेला आणि तुमच्या टेबलावर मांडून म्हणाला, "त्यांचे मग इथे आहेत. माणसं पलीकडे आहेत." त्यावर एकाने विचारलं, "आणि कॉफी कुठाय?" सगळे हसले. एमेट हसला नाही.

या वसंतात कायदा झाला. पेन्शनवरचा राज्याचा कर गेला. एमेटने पलीकडे सगळ्यांना फोन केले, एकूण एक मग घासले आणि मला कॉफीचं मोठं भांडं चढवायला लावलं. आम्ही वाट बघत बसलो. फोनवर सगळे आनंदले होते हो! पण नातवंडं तिकडे, डॉक्टर तिकडे, चर्च तिकडे. आता पुन्हा कुठे हलायचं? कोण चुकलं, सांगा बरं?

संध्याकाळी एकटी ओलीटा आली, क्लीटची बायको. क्लीट हिवाळ्यातच वारला होता. "रोज विचारायचा, झाला का गं एमेटचा कायदा?" एवढं बोलून तिने त्याचा मग फडक्यात गुंडाळला. एमेट तिला गाडीपर्यंत सोडायला गेला आणि बराच वेळ आत आला नाही. भांडंभर कॉफी मी ओतून दिली. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

आता एमेटची नजर गेली आहे. लेक जानेल त्याला ओरेगनला नेते आहे. आज सकाळी त्याने चाचपत आपला मग खिळ्यावरून काढला. मी म्हटलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "व्हर्जिल, ज्यांची वाट बघायची होती, त्यांची बघून झाली."

मंडळी, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. केक करणाऱ्या बायकांचेही आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि आणखी एका आगळिकीची माफी मागतो. मघाशी तुम्ही केक कापत होतात, तेव्हा मी जानेलच्या गाडीतून तो मग काढून आणला.

एमेट, तुला दिसत नाही म्हणून सांगतो. तो तुझ्या खिळ्यावर आहे, क्लीटच्या रिकाम्या खिळ्याशेजारी. तुझाच नियम आहे, परत येणाऱ्याचा मग इथेच राहतो. तू येणार नाहीस, हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी राहू दे.