तन्वीला सांगितल्याशिवाय नाही

(मुलांनो, चला माझ्याबरोबर जपानला. डोळ्यांसमोर आणा त्सुकुबाच्या रुग्णालयातली एक लहानशी खोली: एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीबाहेर सायकलींची लांबच लांब रांग. टेबलाशी क्षिप्रा बसली आहे. ती परिचारिका, आई डोंबिवलीची, वडील जपानी. एखादं माणूस गेलं आणि त्याचं हृदय, यकृत, मूत्रपिंडं आजारी माणसांना द्यायची ठरली, की त्या सगळ्या कामाची जुळवाजुळव तिच्याकडे असते. फोन आला की असेल तिथून निघायचं. आज तो फोन आलाय. तिच्यासमोर जयप्रकाशकाका उभे आहेत. त्यांचा धाकटा भाऊ केदार सायकलवरून पडला, आणि आज सकाळी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. केदारची मुलगी तन्वी, वय वर्षं दहा, बाहेर बाकावर बसली आहे. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. आता मी गप्प बसतो. तुम्ही ऐका.)

जयप्रकाश : अहो, केदारच्या बायकोला, नयनाला तरी विचारा! तिनं सही केली, मी केली. मग आपण थांबलोय कशासाठी?

क्षिप्रा : तन्वीसाठी.

जयप्रकाश : तिचा काय संबंध?

क्षिप्रा : वडील तिचे आहेत.

जयप्रकाश : अहो, लहान पोर आहे ती. मी तिला सांगितलंय, बाबाला औषध दिलंय, झोपलाय. नंतर सांगू की ट्रीटमेंटला इंडियात नेलं. मग पुण्याला गेल्यावर हळूहळू...

क्षिप्रा : हळूहळू म्हणजे कधी?

जयप्रकाश : ते आमचं आम्ही बघू. हा घरचा प्रश्न आहे.

क्षिप्रा : ती घरचीच आहे, जयप्रकाशदादा.

जयप्रकाश : कायद्यात तिची सही लागते का? हो की नाही, एवढंच सांगा.

क्षिप्रा : नाही लागत.

जयप्रकाश : मग झालं तर!

क्षिप्रा : नाही झालं. नयनावहिनी मला म्हणाल्या, ‘माझ्यानं तिला सांगवत नाही.’ सांगू नका, असं नाही म्हणाल्या त्या. एक मिनिट, फोन आहे... हो, मोरी-सान. नाही, अजून नाही. घरच्यांचं बोलणं चाललंय. हृदय नेणाऱ्या विमानाची वेळ मला माहीत आहे. त्याच्या पुढचं बघा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. क्षिप्रानं थांबवलंय म्हणा.

जयप्रकाश : टोकियोत, तोयोसूला इतकी वर्षं नोकरी करतोय, मला जपानी कळतं. तुमचे साहेब चिडलेत.

क्षिप्रा : चिडू देत.

जयप्रकाश : तिकडे कुणीतरी त्या हृदयाची वाट बघत असेल. एखादं लहान मूलसुद्धा असेल.

क्षिप्रा : असेल. पण त्याला मी या खोलीत आणून तुमच्यापुढे बसवणार नाही. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी फक्त तुमच्या बाजूची.

जयप्रकाश : आमच्या बाजूच्या म्हणता आणि आमचंच ऐकत नाही!

क्षिप्रा : दादा, तुम्ही तिला सांगितलंत, बाबा झोपलाय. उद्या ना परवा तिला कळेल की त्याच दिवशी त्यांचं हृदय काढलं. झोपलेल्या बाबाचं. त्या पोरीनं काय समजायचं?

जयप्रकाश : ...हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

क्षिप्रा : म्हणून थांबलेय.

जयप्रकाश : आणि ती नको म्हणाली तर? केदारनं स्वतः ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे लिहून ठेवलंय, अवयव द्या म्हणून. त्याची शेवटची इच्छा एका पोरीच्या हट्टापायी...

क्षिप्रा : ती नको म्हणाली, तर मी फोन करून सगळं थांबवेन.

जयप्रकाश : नोकरी जाईल तुमची.

क्षिप्रा : जाऊ दे.

तन्वी : काका, तुमचा आवाज बाहेर येतोय.

जयप्रकाश : अगं, तू कशाला उठलीस? जा, बस. ती भाताची ओनिगिरी खाल्लीस का?

तन्वी : मला नकोय ओनिगिरी. बाबाचं काय काढणार आहेत?

जयप्रकाश : काही नाही गं. मोठ्यांचं बोलणं चाललंय.

तन्वी : उसो! खोटं! सकाळपासून सगळे खोटं बोलताय. आई माझ्याकडे बघतच नाही. आणि इथल्या नर्स माझ्याशी बोलताना गुडघ्यावर बसतात.

क्षिप्रा : मी बसू, की उभी राहू?

तन्वी : उभ्याच राहा.

क्षिप्रा : बरं. दादा, तुम्ही सांगता का?

जयप्रकाश : नाही... माझ्यानं नाही व्हायचं.

क्षिप्रा : तन्वी, तुझे बाबा वारले.

तन्वी : नाही. मी काचेतून बघितलंय. छाती हलते त्याची.

क्षिप्रा : हलते. ती मशीन हलवतंय. नळीतून हवा आत ढकलली की छाती वर येते. श्वास घे, असं आपल्याला मेंदू सांगत असतो. बाबा पडले तेव्हा डोक्यात रक्त साचलं आणि त्यांचा मेंदू कायमचा बंद पडला. आता श्वास घे म्हणून सांगणारं आत कुणी नाही.

तन्वी : डॉक्टर चुकले असतील.

क्षिप्रा : म्हणूनच त्यांनी एकदा तपासलं, मध्ये बराच वेळ जाऊ दिला आणि पुन्हा तपासलं.

तन्वी : मग अजून एकदा तपासा!

क्षिप्रा : तपासलं तरी तेच येणार, तन्वी. मी तुला खोटं सांगणार नाही.

तन्वी : ...हेल्मेट होतं का त्याच्या डोक्यावर?

जयप्रकाश : नव्हतं गं. घरीच राहिलं.

तन्वी : मी रोज सांगते त्याला! रोज! म्हणतो, जवळच तर जायचंय!

जयप्रकाश : ये, इकडे ये माझ्याजवळ.

तन्वी : नको. तुम्ही म्हणालात, बाबा झोपलाय.

जयप्रकाश : चुकलं माझं.

तन्वी : आता मला सगळं सांगा. काय काढणार?

क्षिप्रा : हृदय, यकृत, मूत्रपिंडं. ज्यांची खराब झालीत अशा माणसांना ती बसवतात. मग ती माणसं जगू शकतात.

तन्वी : बाबाला दुखेल?

क्षिप्रा : नाही. आता त्यांना काहीच दुखत नाही.

तन्वी : कुणाला देणार? नाव काय त्यांचं?

क्षिप्रा : ते कुणालाच सांगत नाहीत. बरी आहेत की नाहीत, एवढं मी तुला कळवू शकेन.

तन्वी : आणि मी नको म्हटलं तर?

जयप्रकाश : हे बघ तन्वी, बाबानं स्वतः...

क्षिप्रा : दादा, तिनं मला विचारलंय. तन्वी, तू नको म्हणालीस तर नाही करायचं.

तन्वी : काका ओरडतील.

क्षिप्रा : ओरडू देत. मी आहे ना इथे.

तन्वी : काका, बाबानं स्वतः काय? पूर्ण बोला.

जयप्रकाश : लायसन्सच्या मागे त्यानं खूण केलीय. माझ्यानंतर द्या, म्हणून.

तन्वी : ते माहितीय मला. पेन मीच दिलं होतं. मला वाटलं, म्हातारा झाल्यावरचं आहे ते.

जयप्रकाश : त्यालाही तसंच वाटलं असेल गं.

तन्वी : डोळेपण देणार?

क्षिप्रा : जे द्यायचं नसेल त्यावर फुली मारायची असते. त्यांनी कशावरच मारलेली नाही.

तन्वी : डोळे नाही द्यायचे.

जयप्रकाश : अगं, पण त्यानंच जर...

तन्वी : बाकीचं त्याचं ऐकते मी. डोळे नाही!

क्षिप्रा : डोळे नाहीत. वहिनींशी बोलते आणि तसं कळवते. अजून काही?

तन्वी : आधी मला त्याच्याशी भांडायचंय. हेल्मेटवरून.

क्षिप्रा : चल. मनसोक्त भांड.

जयप्रकाश : अहो, आणि विमान?

क्षिप्रा : पुढचं मिळेल. कुणी घाई केली तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

* * *

जयप्रकाश : कॉरिडॉरमध्ये एवढी माणसं का उभी आहेत?

क्षिप्रा : निरोप द्यायला. आमच्याकडे तशी पद्धत आहे. पलंग थिएटरकडे निघाला की ज्यांना हातातलं काम सोडता येतं ते सगळे येतात. डॉक्टर, नर्स, साफसफाईच्या बायकासुद्धा. पलंग समोरून जाईपर्यंत वाकून उभे राहतात.

जयप्रकाश : मी नेतो केदारला. तन्वी, तू आईचा हात धरून मागून ये. आणि सगळ्यांना वाकून नमस्कार कर हं.

तन्वी : मी नाही वाकणार.

जयप्रकाश : अगं, बरं दिसत नाही. एवढी मोठी माणसं वाकलीत बघ.

तन्वी : ती बाबासाठी वाकलीत. मी पलंग ढकलणार आहे. आई त्याच्या डोक्याशी चालेल.

क्षिप्रा : वाट सरळच आहे. शेवटच्या दाराशी थांबायचं. तिथून पुढे मी जाते त्यांच्याबरोबर.

तन्वी : आत पूर्ण वेळ थांबाल?

क्षिप्रा : शेवटचा टाका पडेपर्यंत.

जयप्रकाश : बाळा, जड आहे तो पलंग. तुला नाही जमायचं.

तन्वी : जमेल.

जयप्रकाश : बघ, हलतसुद्धा नाहीये.

तन्वी : काका, ब्रेकवर तुमचा पाय आहे. काढा.